खालच्या जबड्याचा साबण

आमच्या घरातली लबाडी साबणाच्या एका वडीने उघडी पाडली.

बाबांचा साबण वेगळा आणि माझा वेगळा. दुसऱ्याने वापरलेला साबण त्यांना चालत नाही, मग ती दुसरी स्वतःची मुलगी का असेना. त्यांच्यासाठी नवी वडी काढून वीस दिवस झाले होते आणि एका सकाळी हात धुताना माझी नजर तिच्यावर गेली. वडीवरची कंपनीची अक्षरं जशीच्या तशी होती. एक काना, एक वेलांटी पुसट झालेली नव्हती. त्याच दिवशी काढलेली माझी वडी तोवर नखाएवढी उरली होती.

मी धंद्याने कवळ्या करणारी. मागच्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे. चार दंतवैद्य माझ्याकडे लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात आणि मी दात करून परत पाठवते. झीज ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. दाढ बघून मी सांगते, माणूस कुठल्या बाजूने चावतो आणि झोपेत दात खातो की नाही. साबण तर त्यामानाने सोपा. ही वडी वीस दिवसांत एकदाही अंगाला लागलेली नव्हती.

आणि शॉवरचा आवाज मात्र रोज सकाळी वीस मिनिटं यायचा. मी बाहेरून दार वाजवायची, "बाबा, आवरा." मग ते ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "चला, ताजंतवानं वाटलं."

तीन महिन्यांपूर्वी बाबा बाथरूममध्ये पडले होते. हातातून साबण निसटला, ते शोधायला वाकले आणि साबणावरच पाय पडला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पकड पूर्वीची राहिली नाही. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पाच तासांच्या अंतरावरून फोनवर हुकूम सोडून भिंतीला लोखंडी दांडा बसवून घेतला. खाली रबरी चटई टाकून घेतली. दांड्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायला लागलो.

तर त्या सकाळी मी बाबांना म्हणाले, "बाबा, तुमचा साबण झिजत नाहीये."

"चांगल्या कंपनीचा आहे," ते म्हणाले आणि पेपरात शिरले.

पुढच्या आठवड्यात वडी झिजायला लागली. मला बरं वाटलं. मग मी ती उजेडात धरली आणि डोक्यात तिडीक गेली. वडीवर बारीक, समांतर रेघा होत्या. माझी छोटी कानस दोन दिवसांपासून टेबलावरून गायब होती. चौतीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस, ज्याने पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा दुकानाबाहेरून ओळखला होता, तो बाथरूमचं दार लावून माझ्या कानशीने साबण घासत होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, पण निरीक्षकालाही असतात हे मला तेव्हा कळलं.

मी कानस त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती चष्म्याखालून पाहिली.

"वजन तर बरोबर कमी होत होतं," ते म्हणाले. "रोज तीन ग्रॅम. मी काट्यावर बघत होतो."

"अंगाला का लावत नाही मग?"

"हातात राहत नाही साबण," एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. 

माझा स्वभाव तापट आहे आणि जीभ त्याहून. त्या रागाच्या भरात मी दादाला फोन लावला आणि कानशीसकट सगळं सांगून बसले. मला वाटलं होतं, तो हसेल. दादा हसला नाही. दादा मनाने वाईट नाही, पण मोठ्या हुद्द्यावर आहे आणि घरच्यांशी बोलतानाही समोर दहा माणसं बसल्यासारखा बोलतो. त्याने बाबांसाठी एक जागा बघूनच ठेवली होती. वयस्कर माणसांची उत्तम सोय, बाग, डॉक्टर, वेळेवर जेवण.

"आणि आंघोळीची काळजीच नाही," तो म्हणाला. "दोन माणसं येतात आणि आंघोळ घालून जातात."

फोन स्पीकरवर होता. बाबा समोर बसले होते. त्यांनी पेपरचं पान पुढे अर्धा तास उलटलं नाही.

"तिसऱ्या रविवारी येतो मी, अकराला," दादा पुढे म्हणाला. "ते स्वतःची आंघोळ स्वतः करतात की नाही, एवढंच बघणार. करत असतील तर राहू देत तुझ्याकडे. नसतील तर बॅग भरून ठेव. तू दिवसभर लोकांच्या दातांत डोकं घालून बसतेस, तुला काय कळणार ते मधे कुठे पडले तर."

मला बाबा घरात हवे होते. ते माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे म्हणून दिवसातून दोनदा ऐकवतात, ते सगळं खरं. पण माझं लग्न झालेलं नाही, का झालं नाही तो विषय वेगळा, आणि सेहेचाळीस वर्षांच्या बाईलासुद्धा "जेवलीस का" म्हणून विचारणारं कुणीतरी लागतं. आपल्याच तोंडाने मी ते घालवायच्या बेतात होते.

मग उपाय सुरू झाले. मी बाटलीतला पातळ साबण आणला. बाबा म्हणाले, "याने भांडी घासतात." शिवाय बाटलीचं डोकं दाबायला मनगट लागतं, ते होतं कुठे. मग दोरी ओवलेला साबण आणला. तो गळ्यात अडकवायचा, म्हणजे पडत नाही. बाबांनी तो बोटाने उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. "गुरांना बांधतात लोढणं," ते म्हणाले. "मी अजून तेवढा उधळलेलो नाही."

शेवटी तोडगा निघाला तो खालच्या मजल्यावरच्या पार्लरवालीकडे. तिच्या दोन दाढा माझ्या हातच्या आहेत, त्यामुळे आमचं बरं जमतं. तिच्या बेसिनवर एक गुलाबी गोळा होता. तिने टिचकी मारली तशी तो थुलथुल हलायला लागला.

"जेलीचा साबण आहे, ताई. घरीच केलाय. आंघोळीला छान."

"खाली पडला तर?"

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "पडला तर पडला. पडून राहतो."

मी तिथेच स्टुलावर बसले आणि कृती लिहून घेतली. गरम पाण्यात जिलेटिन विरघळवायचं, तेवढाच पातळ साबण घालायचा, चिमूटभर मीठ, आणि साच्यात ओतून चार तास फ्रिजमध्ये. तिने तिचा गुलाबाच्या वासाचा साबणही बाटलीत भरून दिला.

"आणि ढवळताना सावकाश, बरं का. फेस झाला की सगळं फुकट."

मी मनात हसले. बुडबुड्यांबद्दल मला सांगणार ही. बुडबुडा हा आमच्या धंद्याचा वैरी. प्लास्टर ओतताना आत एक बुडबुडा राहिला की हिरडीवर फोड उठतो आणि गिऱ्हाईक बोंबलत परत येतं. त्यासाठी माझ्याकडे थरथरणारं टेबल आहे. बटण दाबलं की ते थरथरतं आणि प्लास्टरमधले बुडबुडे वर येऊन फुटतात. मी साबणाचं भांडं त्या टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं.

प्लास्टर जड असतं. साबण नसतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते असं. फेस भांड्यातून वर आला, टेबलावर पसरला, आणि दुसऱ्या दिवशी द्यायचे तीन जबडे त्यात दाढांपर्यंत बुडाले. मी बटण शोधत होते आणि ते फेसाखाली गेलं होतं. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"घासून देतेस का त्यांचे दात?" त्यांनी विचारलं.

मी फेसात हात घालून बटण दाबलं. बोलले असते तर वाईट बोलले असते. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचला.

"दोन चमचे जिलेटिन म्हणजे काय? कुठला चमचा? शीग लावून की सपाट? असं माप लिहिणाऱ्याला मी दंड केला असता."

ते आत गेले आणि आपला पितळी काटा घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेला, कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला. त्या दिवसापासून कारखाना दोघांचा झाला. जिलेटिन त्यांनी मोजायचं, पाणी मी उकळायचं, आणि ढवळणं लाकडी पळीने, सावकाश. पहिला साबण बसलाच नाही, नुसतं गुलाबी पाणी राहिलं. दुसऱ्यात त्यांनी जिलेटिन इतकं वाढवलं की साबण चपलेच्या तळासारखा झाला. तो अंगाला घासला तर अंगच झिजलं असतं. तिसरा जमला.

मग चाचणी. बाबांचं म्हणणं असं की, पार्लरवाली म्हणते म्हणून पडून राहतो, हे काही प्रमाण नाही. आम्ही दोघं पूर्ण कपड्यांत बाथरूममध्ये गेलो, फरशी ओली केली, चटई ओली केली. मी कमरेच्या उंचीवरून साबण सोडायचा, बाबांनी टेपने मोजायचं आणि वहीत लिहायचं. आधी जुनी वडी. पहिल्यांदा ती चार फूट दोन इंच गेली, दुसऱ्यांदा तीन फूट नऊ. तिसऱ्यांदा बादलीमागे गेली आणि ती नोंद बाबांनी "मोजता आली नाही" अशी केली.

मग जेली. मी हात सोडला. थप्प. साबण पडला, थोडा हलला आणि बसला.

"चार बोटं," बाबांनी मापलं. ते लगेच उठले नाहीत. त्यांनी बोटाने त्याला ढोसलं. तो थुलथुलला, पण जागचा हलला नाही. मग त्यांनी तो उचलून घेतला आणि स्वतः सात वेळा पाडला, खात्री करायला म्हणून. सातव्या वेळी ते हसले. त्या बाथरूममध्ये तीन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथे राहिला नाही. साबण मी वाटीत ओतला होता, त्यामुळे तो गोल. बाबांनी तो ओल्या हातात धरून आवळला मात्र, बोटांमधून सुटला आणि समोर आरशावर जाऊन बसला.

"धरायला काहीतरी हवं," बाबा म्हणाले. "बादलीला कडी असते, तसं."

मी मागच्या खोलीत जाऊन साच्यांच्या फळीकडे बघत उभी राहिले. माझ्याकडे साचे एकाच आकाराचे असतात. त्यातला एक बाबांचाच होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका समारंभात कवळी कागदी रुमालात गुंडाळली आणि रुमाल उष्ट्या ताटात गेला. नवी केल्यावर मी शहाणपणाने तिचा रबरी साचा करून ठेवला होता. वरच्या कवळीला टाळू असतो, तिचा उपयोग नव्हता. पण खालची कमानीसारखी असते, मधे मोकळी. मी तिच्यात दोन बोटं घालून पाहिली. छान अडकली.

बाबांना दाखवलं. त्यांनीही त्यात दोन बोटं घालून पाहिली.

"म्हणजे माझेच दात मी माझ्या पाठीला लावायचे?"

"दुसऱ्याचं तुम्हाला चालत नाही ना," मी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पहिला जबडा ओतला. एका आंघोळीला एक जबडा, असा हिशेब होता. साच्यातून तो असा सुरेख निघाला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. चौदा दात, हिरडीच्या कडा, सगळं जिथल्या तिथे, फक्त गुलाबी आणि थुलथुलीत. मी तो कवळीच्या निळ्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. माझ्याकडे तशा शंभर डब्या आहेत. बाबांची खरी कवळीही तसल्याच एका डबीत असते. इथे माझी चूक झाली होती, पण ते मला कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी साडेनऊला बाबा आंघोळीला गेले. आंघोळीआधी दोन्ही कवळ्या काढायच्या, वरची पेल्यात आणि खालची डबीत, ही त्यांची जुनी सवय. चष्मा बाहेर टेबलावर. फळीवर शेजारी साबणाची डबी मीच ठेवली. बाबा काटेकोर माणूस, वापरलेली वस्तू परत जागच्या जागी जाते.

पाणी सुरू झालं. दहा मिनिटं गेली. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. मग आतून आवाज आला, थप्प. मग बराच वेळ काही नाही. मला राहवेना. "बाबा, आवरा लवकर," मी दार वाजवलं. उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा थप्प. मी पुन्हा दार वाजवलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात दादा. अकराला येतो म्हणून सांगून पावणेदहाला. बाबा नोकरीत असताना दुकानांवर अशीच अचानक धाड घालायचे. खाण तशी माती.

मी धावत जाऊन बाथरूमच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "बाबा, दादा आलाय. चला, चला, बाहेर या."

बाबा बाहेर आले ते बघण्यासारखे. इस्त्रीचा शर्ट, नीट बसवलेला भांग, कानामागेसुद्धा स्वच्छ, आणि खोलीभर गुलाबाचा वास. फक्त तोंड घट्ट मिटलेलं.

"कसे आहात?" दादाने विचारलं.

बाबांनी मान डोलावली.

"आंघोळ झाली?"

मान.

"स्वतः केलीत? एकट्याने?"

मान, जोरात.

"बोलत का नाही तुम्ही?"

बाबांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि बाथरूमकडे वळले. दादाने त्यांचा दंड धरला. "कुठे निघालात? बसा. आधी बसा." त्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "यांचं बोलणं कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठलं, सकाळी चहा पाणचट झाला म्हणून भांडत होते."

दादाचा चेहरा उतरला. तो बाबांसमोर गुडघ्यावर बसला. "बाबा, माझ्याकडे बघा. दोन्ही हात वर करा. हं. आता हसून दाखवा."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"हसून दाखवा, बाबा. थोडंसं."

बाबांनी ओठ आणखी आवळले. दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हसता येत नाहीये त्यांना," तो म्हणाला. "गाडी काढतो मी."

काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण काय ते कळेना. मी बाथरूममध्ये गेले. फळीवर एक निळी डबी उघडी होती, रिकामी. दुसरी बंद. मी ती उघडली. आत बाबांची खालची कवळी होती, खरी, कोरडी, माझ्या हातची, आणि ती हसत होती.

मी वळेपर्यंत उशीर झाला. चौतीस वर्षं अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाला कुणी तिसऱ्यांदा "हसून दाखवा" म्हटलं की तो किती वेळ गप्प बसणार.

"मी माझी आंघोळ," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी मी केली."

पहिल्या शब्दाला त्यांच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला. तो सावकाश दादापर्यंत गेला आणि त्याच्या चष्म्यावर फुटला. पुढच्या शब्दांना फेस आला, गुलाबी, सुवासिक, हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर.

"तोंडाला फेस आलाय," दादा ओरडला. "पाणी, पाणी आण," आणि मी बाथरूमपाशीच असून तो स्वतःच तिकडे पळाला. मी दारातून सांगत होते, "दादा, तो साबण आहे, दातांचा साबण." असल्या वाक्यातून घाबरलेल्या माणसाला काय कळणार. त्याने मगाला हात घातला, कोपर फळीला लागलं आणि बाबांची ती जुनी वडी, कानशीच्या रेघांसकट, खाली पडली. टक्क. मग सुर्र. ती कुठवर जाणार ते मला फूट-इंचांत माहीत होतं. दादाला नव्हतं.

मोठा आवाज झाला.

दादा फरशीवर बसला होता, पाय पसरून. एक हात त्याने दांड्याकडे टाकला होता. दांडा भिंतीवरच होता, टॉवेल तेवढा हातात आला होता.

बाबा स्वयंपाकघरात जाऊन चूळ भरून आले. त्यांच्या तळहातावर तो जेलीचा जबडा होता. तो त्यांनी माझ्याकडे दिला, खरी कवळी माझ्याकडून घेतली, तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला.

"लागलं का रे?" त्यांनी विचारलं.

"माकडहाड," दादा म्हणाला.

"दोन माणसं बोलवू तुझ्यासाठी?"

दादा हसला नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी आता दुखण्याचं होतं की मघाचंच, ते कळत नव्हतं. "बाबा, मला खरं सांगा," तो फरशीवरूनच म्हणाला. "आंघोळ केलीत की आजही नुसतं पाणी सोडलंत? कानशीचं मला माहीत आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, आणि खाली माझ्या हातात तो जबडा होता. मग माझ्यातली धंदेवाली जागी झाली. मी तो उजेडात धरला.

"केलीय," मी म्हणाले. "हे बघ. मी चौदा दात ओतले होते. पुढचे सहा पार गेले. दाढांचे उंचवटे सपाट झालेत. आणि कड बघ कशी गोल आहे, एक रेघ नाही. जेलीवर कानस चालत नाही, ती फाटते. हा अंगावरच झिजलाय. तोंडात दोन मिनिटं राहून एवढं होत नाही. नुसते हातपाय नाही, पाठसुद्धा झालीय."

"पाठसुद्धा," बाबा म्हणाले.

ते बाथरूमच्या उंबरठ्यावर बसले, दादाच्या समोर. मी दाराशी उभी. आमची अशी बैठक याआधी कधी भरल्याचं मला आठवत नाही.

"इतके दिवस मी नुसता उभा राहायचो," बाबा म्हणाले. "एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने काहीच करायचं नाही. साबण घेतला तर पडणार. पडला तर वाकावं लागणार. मला भीती वाटायची. आणि पडण्याची कमी, तुला कळण्याची जास्त."

दादाने चष्मा काढून पुसला.

"आज दोनदा पडला," बाबा पुढे म्हणाले. "पण पडला तिथेच बसून राहिला. ही बाहेरून दार बडवत होती. मी दांडा धरला, दम घेतला, सावकाश खाली बसलो, तोवर तो तिथेच. माझ्यासाठी थांबणारं या घरात ते एकच निघालं."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. चाचणीच्या वेळी चार बोटं म्हणून सांगितलं होतं, त्याच आवाजात म्हटलं. पण मला लागलं. दादाचं माकडहाड होतं, माझं आणखी आत कुठेतरी. तीन महिने मी रोज ते दार वाजवत होते, आणि आत एक म्हातारा माणूस पाण्याखाली दांडा धरून उभा आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. अक्षरं पुसली नाहीत एवढं मात्र बरोबर दिसलं होतं.

दादाने टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "मीसुद्धा भिंत धरतो हल्ली," तो अगदी हळू म्हणाला. "घरी सांगितलेलं नाही." मग त्याने हात पुढे केला. आम्ही दोघांनी मिळून त्याला उठवलं, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने बाबा, डाव्या हाताने.

"राहू देत इथेच," दादा उभा राहिल्यावर म्हणाला. "त्या लोकांना मी कळवतो."

दुपारचं जेवण त्याने दोन उशांवर बसून केलं. निघताना बाबा आत गेलेत असं बघून तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या साच्यातले दोन-तीन मला दे ना करून."

"ऐकू येतं मला," बाबा आतून म्हणाले. "माझे दात तुला मिळायचे नाहीत. तुझं माप दे तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले. त्यांची कवळी आता पांढऱ्या डबीत असते. अकरा वाजता डॉक्टरांचा माणूस ते तीन रखडलेले जबडे न्यायला येणार होता आणि माझं एकाचंही घासकाम झालेलं नव्हतं. पाण्याचा आवाज पंधरा मिनिटं येत होता. मग वीस. मी हात पुसत बाथरूमपाशी गेले आणि सवयीने हात वर केला.

आतून आवाज आला, थप्प.

मी हात खाली घेतला. आत पाणी चालू होतं. दांड्याची हलकी करकर ऐकू आली. मग काही नाही. मी तशीच उभी राहिले, श्वाससुद्धा बेताने घेत. किती वेळ ते सांगता येणार नाही, आमच्या घरातलं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे.

"सापडला," बाबा आतून म्हणाले. "जा तू कामाला."

"मी काही म्हणाले का?"

"नाही म्हणालीस. म्हणून तर सांगितलं."